खाल्ला जाणारा बग नवी प्रजाती निघाला तर? पुण्यात बसून तिचं शास्त्रीय वर्णन कसं लिहायचं

पुण्यात कीटक बघणाऱ्यांची संख्या आता खूप वाढलीये, पावसाळा लागला की वेताळ टेकडीपासून ताम्हिणीपर्यंत मॅक्रो लेन्स लावून पोरं-पोरी फिरत असतात. दुसरीकडे अरुणाचल, नागालँड, मिझोरामहून इथे शिकायला आलेल्या मुलांना घरून डबा येतो त्यात कधी कधी सुकवलेले नाहीतर भाजलेले बग असतात. हॉस्टेलवर तो डबा कोणीतरी उघडतं, आपल्यातला कोणीतरी कीटकवेडा त्यातला एक उचलून भिंगाखाली धरतो आणि मग प्रश्न येतो की हा कुठेच जुळत नाहीये, नवीन असेल का? असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी दरवेळी जे सांगतो ते इथे सगळं सलग लिहितोय. लांबलचक आहे, पण काम तेवढं आहेच.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नवी प्रजाती 'सापडते' ती जंगलात नाही, तुलना केल्यावर सापडते. आणि खाल्ल्या जाणाऱ्या किड्याच्या बाबतीत अर्धी माहिती किड्याच्या अंगावर असते आणि अर्धी तो खाणाऱ्या माणसांकडे. टाचणीला लावलेला नमुना आणि त्या माणसांनी सांगितलेलं नाव, हे दोन्ही एकमेकांना पक्कं बांधलेलं नसेल तर तुमचा पेपर कितीही सुंदर छापला जाऊ दे, पुढच्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

आधी बघा, तो खरा बग आहे का

आपण सरसकट सगळ्या किड्यांना बग म्हणतो पण शास्त्रात बग म्हणजे हेमिप्टेरा, आणि त्यातही आपण इथे बोलतोय ते हेटेरोप्टेरा, म्हणजे आपल्याकडे शेतकरी ज्याला ढेकण्या म्हणतात तो गट. किडा उलटा करा. डोक्याखालून निघून पायांच्या मधून मागे गेलेली सोंड दिसली पाहिजे, ती नसेल आणि चावणारे जबडे दिसले तर तो बग नाही, बहुधा भुंगा आहे, तिथेच थांबा. पुढचे पंख बुडाशी चामड्यासारखे जाड आणि टोकाकडे पातळ पारदर्शक, पाठीवर मधोमध त्रिकोणी ढाल म्हणजे स्क्युटेलम. कोष अवस्था नसते, पिल्लं साधारण मोठ्यांसारखीच दिसतात आणि बहुतेक वेळा पाच अवस्थांतून जाऊन पंखवाली होतात.

जगात जे बग आवडीने खाल्ले जातात ते मोजक्या कुटुंबांतले आहेत. पाण्यातला मोठा बग लेथोसेरस इंडिकस हा बेलोस्टोमॅटिडीमधला, ईशान्य भारतात आणि थायलंडमध्ये खातात, नराच्या वासासाठी तर थाई चटणीत मुद्दाम घालतात. टेसॅराटोमिडीमधला एन्कोस्टर्नम डेलेगोर्ग्वेई झिम्बाब्वे आणि दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो भागात खातात. पेंटाटोमिडीमधला उडोंगा मोंटाना मिझोराममध्ये बांबू फुलतो तेव्हा लाखोंनी येतो, तिथे त्याला थांगनांग म्हणतात, खातात आणि तेलही काढतात. आणि डायनिडोरिडीमधले कोरिडियस, अरुणाचलमध्ये हिवाळ्यात नदीपात्रातल्या दगडांखाली लपलेले गोळा करतात, तिथे त्यांना तारी म्हणतात. हाच जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) आपल्याकडे पण आहे बरं का, दोडका-काकडीच्या वेलावर लाल-काळा कोरिडियस जॅनस पुण्याच्या आसपास कोणीही बघितला असेल.

कुटुंब ठरवायला अँटेनाचे भाग मोजा. पेंटाटोमिडीत बहुतेक पाच, टेसॅराटोमिडीत बहुतेक चार, डायनिडोरिडीत चार किंवा पाच. मग पायाच्या टार्ससचे म्हणजे तळपायाचे भाग, सोंड कुठपर्यंत पोचते, पोटावरची श्वसनछिद्रं किती उघडी दिसतात, असं एकेक करत जा. घाईत कुटुंब चुकलं की पुढची सगळी तुलना चुकीच्या कपाटात होते.

नमुने: डब्यातला भाजलेला किडा पुरत नाही

हे बहुतेकांना आवडत नाही पण खरं आहे. भाजलेल्या किड्याचे पाय तुटलेले असतात, बऱ्याच ठिकाणी पंख आणि डोकं आधीच काढलेलं असतं, उष्णतेने रंग गेलेला असतो, डीएनएचे तुकडे झालेले असतात. त्यावरून शंका येऊ शकते, वर्णन होऊ शकत नाही. बाजारातून जिवंत आणले तरी अडचण असतेच, कारण बाजार ही किडा विकला गेल्याची जागा झाली, राहण्याची नव्हे. कोहिमाच्या बाजारात ठेवलेला माल कुठल्या डोंगरातून आलाय ते विकणारीला विचारावं लागतं, मग गोळा करणाऱ्यापर्यंत जावं लागतं, आणि त्याच्याबरोबर जाऊन तो जिथून उचलतो तिथूनच आपण उचलायचे. ज्या मूळ नमुन्यावर नाव ठरतं तो टाइप, त्याचं ठिकाण म्हणजे टाइप लोकॅलिटी, ती कायमची त्या नावाला चिकटते म्हणून एवढी मेहनत.

जायच्या आधी कागद पूर्ण करा. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूर इथे बाहेरच्या राज्यातल्या माणसाला इनर लाइन परमिट लागतं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात एकही किडा उचलायचा तर वनखात्याची लेखी परवानगी हवी, मग ते भीमाशंकर असो की ताम्हिणी. गावाच्या सामूहिक जंगलात गावबुढ्याला (गावप्रमुखाला) आणि गावच्या मंडळींना भेटून, काय करणार आहोत ते सांगून, त्यांचा होकार घेऊनच. तो होकार लिहून ठेवा, नंतर जर्नलवाले पण विचारतात.

किती नमुने घ्यायचे? एकावर कधीच भागवू नका. नर, मादी, जमलं तर शेवटच्या अवस्थेतली पिल्लं, आणि वेगवेगळ्या आकाराचे, रंगाचे. मादी सहसा मोठी असते, नुकतीच कात टाकलेला किडा फिक्कट असतो, आणि हे फरक माहीत नसले की एकाच प्रजातीच्या दोन प्रजाती होतात. पण पोतंभर उचलायचीही गरज नाही, ते लोकांचं अन्न आहे.

जिवंत बग हाताळताना गॉगल घाला. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. मोठ्या बगच्या छातीखाली, मधल्या आणि मागच्या पायांच्या जवळ दुर्गंधी ग्रंथीचं भोक असतं, दाबला गेला की तिथून फवारा उडतो, त्यात हेक्सेनाल, डेसेनाल अशी अल्डिहाइड्स असतात, कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि डोळ्यात गेलं तर भयंकर आग होते. टेसॅराटोमाचा फवारा तर यासाठी प्रसिद्धच आहे.

मारायला इथाइल अॅसिटेटची बाटली किंवा सरळ फ्रीजर. एक-दोन नमुने लगेच अॅब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी, परत आल्यावर उणे वीसच्या फ्रीजरमध्ये. बाकीचे टाचणीला. बगला टाचणी स्क्युटेलममधून, मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे मारतात, भुंग्यासारखी पंखातून नाही, म्हणजे डावी बाजू आणि मधली रेषा शाबूत राहते. लहान किडा असेल तर कार्डपेपरचा त्रिकोण कापून त्याच्या टोकावर चिकटवायचा, कार्ड अप्पा बळवंत चौकात कुठेही मिळतं, फक्त अॅसिड-फ्री मागून घ्या. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्या, साध्या टाचण्या पुण्याच्या पावसाळ्यात गंजतात आणि नमुना खराब होतो. बुरशी ही आपल्याकडची खरी शत्रू आहे, जून ते सप्टेंबर पेट्यांमध्ये सिलिका जेल बदलत राहा.

लेबल त्याच दिवशी. राज्य, जिल्हा, गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख (महिना रोमन आकड्यात म्हणजे दिवस-महिन्याचा घोळ होत नाही), कोणी पकडला, कुठल्या झाडावर किंवा दगडाखाली. पिग्मेंट शाईने किंवा लेझर प्रिंटने, बॉलपेन नको. लेबल नसलेला किडा म्हणजे नुसतं शोपीस.

खाणाऱ्या माणसांकडून काय विचारायचं

बऱ्याच पेपरात हा भाग एका ओळीत उरकलेला असतो, 'स्थानिक लोक खातात' म्हणून. मला ते पटत नाही, कारण ज्यांनी हा किडा पिढ्यान् पिढ्या ओळखला त्यांच्याकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे आणि ती तेवढ्याच शिस्तीने लिहिली गेली पाहिजे.

वहीत प्रत्येक बोलण्याला नंबर द्या आणि तोच नंबर त्या माणसाने हातात दिलेल्या किड्याच्या टाचणीला लावा. फोटो दाखवून विचारू नका, फोटोवर माणूस समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतो. किडा हातात देऊन विचारा, आणि नावाचा उच्चार मोबाईलवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. मग: कुठल्या महिन्यात, दिवसा की रात्री, कुठल्या झाडावर, पिल्लंही खाता का फक्त मोठे, नर-मादी वेगळे ओळखता का, कच्चा, भाजून की वाटून, कुठला भाग फेकता, किती दिवस टिकतो, बाजारात कुठल्या मापाने विकतात, कोणाला देत नाहीत, कोणाला कधी त्रास झाला का.

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं अर्धवट सोडू नका. हे बग झाडाचा रस पितात, झाड विषारी असेल किंवा त्यावर फवारणी झाली असेल तर ते किड्यात येऊ शकतं. तयार करायची पद्धतही महत्त्वाची. एन्कोस्टर्नमचंच घ्या, तिथल्या बायका जिवंत बग कोमट पाण्यात टाकून ढवळतात म्हणजे ते सगळा घाणेरडा स्राव सोडून देतात, आणि जे त्याआधीच मेलेले असतात ते कडू लागतात म्हणून निवडून काढतात. मेल्यानंतर स्राव आतच राहतो, हे त्यांना केमिस्ट्रीच्या कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत आहे. याच किड्याच्या साठवणुकीत अफ्लाटॉक्सिन सापडल्याचंही नोंदलेलं आहे, तेव्हा कशात साठवतात हे पण लिहा.

दुसरं एक बघा. गावातली माणसं कधी कधी म्हणतात, हे दोन वेगळे आहेत, हा गोड आणि तो कडू. आपल्याला दोन्ही सारखेच दिसतात. अशा वेळी दोन्हीचे नमुने वेगळे नंबर घालून आणा, कारण नव्या प्रजातीची पहिली खूण बऱ्याचदा इथेच असते. उलटही होतं, एकाच नावाने, एकाच टोपलीत दोन-तीन प्रजाती निघतात. म्हणून टोपलीतले सगळे बघा, वरचा एक उचलून येऊ नका.

आणि स्वतः चाखून 'खाण्यायोग्य' असं लिहू नका. ओळख पटलेली नसताना खाणं धोक्याचं आहेच, शिवाय कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असलेल्यांना कीटकांचीही येऊ शकते, दोन्हीत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन सारखं असतं. पेपरात वाक्य असं हवं: अमुक गावात अमुक समाजाची माणसं अमुक पद्धतीने तयार करून खातात. सुरक्षित आहे की नाही हे सांगणं वेगळ्या प्रयोगशाळेचं काम.

जुनी पुस्तकं, जुनी नावं, जुने टाइप

आता पुण्यात परत. इथून पुढचं काम खुर्चीवरचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं.

भारतातल्या बगसाठी पहिली पायरी अजूनही डिस्टंट या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाची 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतली ऱ्हिंकोटाची (बगच्या गटाचं जुनं नाव) पुस्तकं, पहिला खंड १९०२ चा, ढालवाले बग त्यातच आहेत. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर फुकट आहेत, डाउनलोड करा. पण ती सव्वाशे वर्षं जुनी आहेत हे डोक्यात ठेवा, त्यातली नावं बदललीयेत. आज आपण ज्याला कोरिडियस म्हणतो ते तिथे अॅस्पाँगोपस या नावाखाली आहे, नुसतं कोरिडियस शोधत बसाल तर हाताला काही लागणार नाही. म्हणून त्या जीनसची आजपर्यंतची सगळी नावं, समानार्थी धरून, एका शीटमध्ये लिहा: नाव, लेखक, वर्ष, टाइप लोकॅलिटी, टाइप कुठल्या म्युझियममध्ये, मुख्य लक्षणं. भारतापुरतं थांबू नका. ईशान्य भारतातला किडा म्यानमार, युनान, लाओस, व्हिएतनाममध्ये आधीच वर्णन झालेला असण्याची शक्यता खूप असते, डोंगराला सीमा कळत नाही. चिनी आणि फ्रेंच पेपर आहेत, भाषांतराच्या अॅपवर वाचता येतात आता.

लेखकाचं, म्हणजे प्रजातीला नाव देणाऱ्याचं, नाव कंसात आहे की नाही याच्याकडे लक्ष द्या. कोरिडियस जॅनस (फॅब्रिशियस, १७७५) मध्ये कंस आहे कारण फॅब्रिशियसने तो सिमेक्स या जीनसमध्ये टाकला होता, नंतर हलवला गेला. म्हणजे मूळ वर्णन शोधायचं ते सिमेक्सखाली.

मग प्रत्यक्ष नमुने बघा. पुण्यातल्या लोकांचं नशीब चांगलं, आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. आधी ईमेल करून, कॉलेजचं पत्र घेऊन, काय बघायचंय ते नेमकं सांगून जा. ईशान्येचा माल जास्त करून कोलकात्याच्या मुख्यालयात आणि शिलाँगच्या केंद्रात. बंगळुरूला एनबीएआयआर (शेतीतल्या कीटकांची राष्ट्रीय संस्था), दिल्लीला पुसा (कृषी संशोधन संस्था) इथेही मोठी कलेक्शन्स आहेत. डिस्टंटचे टाइप बहुतेक लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये, स्टॉल या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाचे स्टॉकहोममध्ये. क्युरेटरला नम्रपणे लिहा, 'टाइपचे वरून, खालून आणि लेबलचे फोटो मिळतील का', बरेच जण मदत करतात. लेबलचा फोटो विसरू नका, कधी कधी पुस्तकात छापलेलं ठिकाण आणि लेबलवरचं ठिकाण वेगळं निघतं.

याच टप्प्यावर दहापैकी बहुतेक 'नव्या' प्रजाती जुन्या निघतात. वाईट वाटून घेऊ नका, खाल्ल्या जाणाऱ्या किड्याला त्याचं बरोबर जुनं नाव पहिल्यांदा जोडणं हाही छापण्यासारखा पेपर आहे.

भिंगाखाली

आधी बाहेरचं. डोक्याच्या पुढच्या कडा क्लिपियसच्या (डोक्याचा मधला पुढचा भाग) पुढे जुळतात का, अँटेनाच्या प्रत्येक भागाची लांबी, सोंड मागे कितव्या पायापर्यंत, छातीच्या ढालीचे खांदे गोल की टोकदार, स्क्युटेलमचं टोक, पंखाच्या पातळ भागाचा रंग, पोटाची कड बाहेर डोकावते का आणि तिच्यावर पट्टे आहेत का. खालून दुर्गंधी ग्रंथीचं भोक, त्याला लागून पेरिट्रीमची नाळ आणि भोवतीचा खडबडीत भाग, जो स्राव पसरून उडून जायला मदत करतो. हा भाग बगमध्ये फार कामाचा आहे, नीट उजेड टाकून बघा.

मोजमापं ऑक्युलर मायक्रोमीटरने, तो स्टेज मायक्रोमीटरवर कॅलिब्रेट करून. नरांची आणि माद्यांची वेगळी, सर्वात लहान ते सर्वात मोठं, मिलिमीटरमध्ये. एकूण लांबी कुठून कुठे मोजली ते लिहा, डोक्याच्या टोकापासून पंखाच्या टोकापर्यंत की पोटाच्या टोकापर्यंत, कारण हे दोन आकडे वेगळे येतात आणि पुढचा माणूस गोंधळतो.

पण निकाल लागतो तो नराच्या जननांगांवर. रंग फसवतो, आकार फसवतो, हे सहसा फसवत नाही. वाळलेला किडा असेल तर हवाबंद डब्यात ओली वाळू, बुरशी लागू नये म्हणून थायमॉलचा खडा, वर जाळीवर किडा, एक-दोन दिवसांत सांधे मऊ होतात. मग पोटाच्या शेवटी जो वाटीसारखा कडक भाग दिसतो, पायगोफोर, तो वाकवलेल्या बारीक सुईने हळू मागे ओढायचा. जोर लावला तर चिरतो, सुई कडेने फिरवत आतलं पातळ कातडं सोडवत गेलं की सगळी वाटी सुटून येते. ती दहा टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), टेस्ट ट्यूब गरम पाण्याच्या भांड्यात उभी करून काही मिनिटं, बघत राहायचं, मांस विरघळून पाणी तपकिरी होतं आणि कडक भाग स्वच्छ मधाच्या रंगाचा उरतो. जास्त वेळ ठेवला तर तोही फिका आणि लिबलिबीत होतो. केओएच कातडी जाळतं, हातमोजे घाला. डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा धुवा, मग ग्लिसरीनमध्ये.

आता वाटीच्या आत दोन्ही बाजूंना एकेक छोटा आकडा दिसतो, तो पॅरामेर. त्याला वरून, बाजूने, मागून बघा, टोक कसं वळलंय, पाठीवर दात आहे का, केस कुठे आहेत. तो सुटा करून ग्लिसरीनच्या थेंबात वळवत राहिलात की प्रत्येक कोनातून वेगळा दिसतो, म्हणून चित्र काढताना जवळच्या प्रजातींच्या जुन्या चित्रांतला कोन धरूनच काढा, नाहीतर नसलेला फरक दिसतो. मधलं फॅलस म्हणजे लिंग फुगवून त्याच्या पडद्यांची जोडणी बघायची, हे शिकायला वेळ लागतो, अनुभवी माणसाशेजारी बसून शिका. मादीत शेवटच्या प्लेट्स आणि स्पर्मथिका (वीर्य साठवायची पिशवी). काम झालं की हे सगळं ग्लिसरीनच्या छोट्या बाटलीत घालून त्याच किड्याच्या टाचणीला खाली टोचायचं. वेगळ्या डबीत ठेवलंत की हरवलंच समजा.

फोटो वेगवेगळ्या फोकसचे काढून स्टॅक करा, स्केल बार हवाच. आणि जिवंत असतानाचे फोटो आधीच काढलेले असू द्यात, मेल्यावर हिरवे-लाल रंग उतरतात.

डीएनए

असला तर उत्तम, नसला तर वर्णन अडत नाही. एका पॅराटाइपचा (मुख्य नमुन्याखेरीज वर्णनात धरलेला नमुना) पाय काढून, प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा तुकडा वाचून घ्यायचा, त्यासाठी फोल्मरचे १९९४ चे प्रायमर (तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) अजून चालतात. जेनबँक या सार्वजनिक डीएनए-संग्रहावरच्या सिक्वेन्सशी जुळवताना सावध राहा, तिथली ओळख चुकलेली असू शकते आणि जवळच्या प्रजातींचे सिक्वेन्स मुळात नसूही शकतात. जुळला नाही म्हणजे नवी प्रजाती, असं होत नाही. पॅरामेर, बाहेरची लक्षणं, डीएनए, राहण्याची जागा, हे एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर मग पुढे.

लिहायला बसा

प्राण्यांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय कोड, त्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे, आणि त्यातल्या काही अटी चुकल्या तर नाव वैधपणे अस्तित्वातच येत नाही. ही प्रजाती नवी आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. ती इतरांपासून कशी वेगळी ते शब्दांत हवं, नुसता फोटो चालत नाही. एक होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला कायमचं बांधलं जातं तो एक नमुना, नेमलेला हवा. आणि तो कुठल्या कलेक्शनमध्ये, कुठल्या गावात ठेवलाय किंवा ठेवणार आहे हे लिहिलेलं हवं. होलोटाइप शक्यतो नर, सगळे अवयव शाबूत असलेला. बाकीचे पॅराटाइप, आणि ते दोन-तीन संस्थांत वाटून ठेवा, एका ठिकाणी आग-पाणी झालं तर दुसरीकडे राहतील.

डायग्नोसिस आणि डिस्क्रिप्शन वेगळं ठेवा. डायग्नोसिस म्हणजे चार-पाच ओळी, फक्त ती लक्षणं ज्यांनी ही प्रजाती बाकीच्यांपासून वेगळी होते. डिस्क्रिप्शनमध्ये सगळं, डोक्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने ज्या क्रमाने जवळच्या प्रजातींची वर्णनं आहेत. 'थोडा मोठा', 'जरा गडद' असे शब्द टाळा, प्रमाण द्या: अँटेनाचा दुसरा भाग तिसऱ्याच्या किती पट. मग सगळ्यात जवळच्या दोन-तीन प्रजातींशी समोरासमोर तुलना, आणि जमली तर भारतातल्या त्या जीनसची की, म्हणजे लक्षणं एकेक तपासत नावापर्यंत नेणारा तक्ता. की लिहून झाली की ती अशा मित्राला द्या ज्याने हे किडे कधी बघितले नाहीत, तो बरोबर नावापर्यंत पोचला तर की चांगली.

खाण्याचा भाग वेगळ्या परिच्छेदात, वहीतले नंबर आणि नमुन्यांचे नंबर एकत्र देऊन. 'खाल्ला जातो' हे लक्षण म्हणून डायग्नोसिसमध्ये घालू नका, ते किड्याचं नाही माणसांचं वैशिष्ट्य आहे. ज्यांनी माहिती दिली त्यांची नावं छापायची का, ते त्यांनाच विचारा. ज्याने जंगलात नेलं, ज्याने फरक सांगितला, त्याचा वाटा मोठा असेल तर सहलेखक करा, आभारात एक ओळ टाकून मोकळे होऊ नका.

नाव ठेवताना, जीनस पुल्लिंगी असेल तर विशेषणही पुल्लिंगी, एस्क्युलेंटस, स्त्रीलिंगी असेल तर एस्क्युलेंटा. असलं 'खाण्याचं' अर्थाचं नाव पटकन सुचतं, म्हणूनच त्या जीनसमध्ये आधी वापरलेलं नाही ना ते तपासा, जुन्या समानार्थी नावांसकट. मला विचाराल तर गावाचं, डोंगराचं किंवा तिथल्या लोकांच्या बोलीतलं नाव द्यावं, त्यांना विचारून. स्वतःचं नाव स्वतःच्या प्रजातीला देत नाहीत. आणि छापून येईपर्यंत नवं नाव पोस्टरवर, इन्स्टावर, पेपरवाल्यांना कुठेही देऊ नका.

छापणं आणि त्यानंतरची कामं

झूटॅक्सा, झूकीज, जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा, ओरिएंटल इन्सेक्ट्स, झूलॉजिकल सर्व्हेचं रेकॉर्ड्स, असे पर्याय आहेत. झूकीजला फी लागते, झूटॅक्सात ओपन अॅक्सेस नको असेल तर लागत नाही. 'चार दिवसांत छापतो' असं सांगणाऱ्या जर्नलपासून लांब राहा, तिथे ढेकणाची माहिती असलेला रिव्ह्यूअर नसतो आणि चुकीचं नाव एकदा छापलं की ते निस्तरायला पुढच्यांची वर्षं जातात. फक्त ऑनलाइन निघणारं जर्नल असेल तर झूबँकवर (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी झालेली आणि तिचा पुरावा पेपरातच छापलेला असणं कोडप्रमाणे बंधनकारक आहे, २०१२ पासून. बरेच संपादक ते करून देतात, पण प्रूफ आलं की नंबर आहे का ते स्वतः बघा.

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे नवी प्रजाती सापडली की नेमलेल्या संस्थेला कळवून नमुने तिथे जमा करणं सक्तीचं आहे, प्राण्यांसाठी अशी मुख्य संस्था झूलॉजिकल सर्व्हे. जमा केल्याची पावती आणि नोंदणी क्रमांक घ्या, पेपरात तोच क्रमांक द्या. होलोटाइपला लाल लेबल लावतात, ते लावून द्या. परदेशी सहकाऱ्याला नमुना पाठवायचा विचार असेल तर आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम वाचा, कुरिअर नंतर.

मग जेनबँकवरचा सिक्वेन्स नव्या नावाने अपडेट करा, आयनॅचरलिस्टवरचे जुने फोटो दुरुस्त करा. नेमकं ठिकाण सार्वजनिक करताना मात्र गावाला विचारा, 'नवा खाण्याचा किडा' अशी बातमी फिरली की बाहेरचे व्यापारी येऊन दगड न् दगड उलटतात. पेपरची प्रत गावात पाठवा, आणि दोन पानांत, तिथल्या भाषेत, फोटो घालून लिहून घेतलेला सारांश पण, म्हणजे आपण सांगितलेलं कसं छापलं गेलं ते त्यांना वाचता येईल आणि काही चुकलं असेल तर ते तुम्हाला कळवतील. अशी दुरुस्ती आली तर पुढच्या पेपरात छापा.